कोसंबींचं चार पानी सूत्र

एमपीएससी करताय? मग डी. डी. कोसंबी हे नाव तुमच्या इतिहासाच्या नोट्समध्ये असणारच. आता अकोल्याच्या कृषी विद्यापीठात पीक पैदासशास्त्र शिकणाऱ्या एखाद्या मित्राला विचारून बघा. जनुकांचा नकाशा काढताना त्यालाही कोसंबीच भेटतात. माणूस एकच!

जन्म १९०७, गोवा. वडील धर्मानंद, बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. त्यांच्यामुळे पोरगा अमेरिकेत शिकला, १९२९ मध्ये हार्वर्डचा पदवीधर झाला आणि पुढे पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागला. तिथे असतानाच, १९४४ मध्ये, इंग्लंडच्या एका नियतकालिकात त्यांचा जेमतेम चार पानांचा लेख आला.

त्यात होतं काय? गुणसूत्रावर शेजारी बसलेली जनुकं बहुधा जोडीनंच पुढच्या पिढीत जातात, लांबची असली की फाटाफूट जास्त. मग फाटाफूट मोजा आणि अंतर काढा. पण मधे दोनदा अदलाबदल झाली तर जोडी पुन्हा जुळते आणि मोजणीत काही दिसतच नाही. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये यावर सूत्र दिलं होतं, पण एका अदलाबदलीचा दुसरीवर परिणाम होत नाही असं धरून. प्रत्यक्षात एक झाली की जवळपास दुसरी सहसा होत नाही. कोसंबींनी हे हिशेबात घेतलं. शंभरातल्या वीस संततींत फाटाफूट दिसली, तर हाल्डेन यांचं अंतर येतं २५.५ सेंटिमॉर्गन, कोसंबींचं २१.२.

एवढ्याशा फरकानं काय होतं, म्हणाल. आपल्याकडचा सिकलसेल लहानपणीच डोकं वर काढतो, रक्त तपासलं की कळतो. हंटिंग्टन हा मेंदूचा आजार बहुतेकदा तिशी-चाळिशीत सुरू होतो. आई किंवा वडिलांना तो असेल तर मुलाला धोका निम्मा, आणि विसाव्या वर्षी, म्हणजे तुमच्या वयात, काहीच दिसत नाही. मग घराण्यांच्या वंशावळी घेऊन, आजारासोबत कोणती खूण पिढ्यान् पिढ्या चालते ते मोजत बसायचं. अशा मोजणीत अंतराचं सूत्र लागतंच.

कोसंबी पुढे टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गेले. १९५९ मध्ये त्यांनी रीमानचं गृहीतक सोडवल्याचा दावा केला, तोही शेती-सांख्यिकीच्या नियतकालिकात. तो चुकला. १९६२ मध्ये संस्थेनं करार वाढवला नाही. जून १९६६ मध्ये पुण्यात ते गेले. व्हेनेझुएलातल्या कुटुंबांच्या मदतीनं हंटिंग्टनची खूण चौथ्या गुणसूत्रावर सापडली ती १९८३ मध्ये.