फोरट्रानचे जनक जॉन बॅकस, कोयना धरण आणि माझा ‘खोली’ नावाचा बग

सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. धरणाच्या भिंतीवर पाण्याचा किती दाब पडतो आणि भूकंपात ती भिंत कशी हलते, हे काढणारा. भाषा फोरट्रान. वर्गातली बाकीची पोरं पायथॉन शिकत होती आणि मी १९५७ सालच्या भाषेत डोकं घालून बसलो होतो. कारण साधं होतं. आमच्या विषयातले जुने, भरवशाचे प्रोग्रॅम सगळे फोरट्रानमध्येच होते.

प्रोग्रॅम व्यवस्थित चालायचा. एकही एरर नाही. फक्त उत्तरं चुकायची. तीन आठवडे मी सूत्रं तपासत होतो आणि चूक सूत्रात नव्हतीच. ती शेवटी कशी सापडली ते पुढे सांगतो. त्याआधी ही भाषा ज्या माणसाने बनवली त्याची गोष्ट ऐका, कारण माझ्या चुकीचं मूळ त्याच्याच टीमने केलेल्या एका नियमात होतं.

नापास होणारा मुलगा

जॉन बॅकस यांचा जन्म ३ डिसेंबर १९२४ चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातला. घर खाऊनपिऊन सुखी. अभ्यासाची मात्र अजिबात आवड नाही. शाळेत सारखे नापास व्हायचे आणि मग उन्हाळ्याच्या सुट्टीत जादा वर्गांना बसायला लागायचं. कसंबसं शाळा सुटली आणि १९४२ मध्ये केमिस्ट्री शिकायला व्हर्जिनिया विद्यापीठात गेले. तिथे वर्गाला जातच नव्हते, म्हणून विद्यापीठाने काढून टाकलं.

दुसरं महायुद्ध चालू होतं, त्यामुळे सैन्यात भरती झाली. तिथल्या बुद्धिचाचण्यांत मात्र या पठ्ठ्याला उत्तम मार्क! मग सैन्याने आधी इंजिनिअरिंगची तयारी करायला पाठवलं आणि नंतर वैद्यकीय शिक्षणाला. हॉस्पिटलमध्ये काम करताना त्यांच्या स्वतःच्याच कवटीत गाठ सापडली. ऑपरेशन झालं आणि डोक्यात धातूची पट्टी बसवली गेली. काही महिन्यांत मेडिकलही सोडलं. नुसतं पाठांतर त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

पुढे न्यूयॉर्कमध्ये एक खोली भाड्याने घेतली. गाणी ऐकायला चांगला सेट हवा होता, तो स्वतः बनवता यावा म्हणून रेडिओ दुरुस्तीच्या शाळेत नाव घातलं. तिथल्या शिक्षकाला सर्किटची गणितं करून देताना पहिल्यांदा वाटलं की गणित आपल्याला आवडतं. मग कोलंबिया विद्यापीठातून गणिताची पदवी घेतली. वय पंचविशीला आलं तरी पुढे काय करायचं ते ठरलेलं नव्हतं.

एक दिवस मॅडिसन अव्हेन्यूवर आयबीएमच्या ऑफिसात ठेवलेलं अवाढव्य गणनयंत्र बघायला ते आत गेले. दाखवणाऱ्या बाईंशी बोलता बोलता नोकरीचा विषय निघाला, तिथल्या तिथे मुलाखत झाली आणि १९५० मध्ये ते आयबीएममध्ये लागले. पहिलं काम होतं चंद्राच्या स्थानांची गणितं करणारा प्रोग्रॅम लिहिणं.

कंटाळ्यातून आलेली भाषा

तेव्हाचं प्रोग्रॅमिंग म्हणजे यंत्राला कळणारे आकडे आणि संकेत एकेक करून लिहिणं. दशांश चिन्ह कुठे आहे याचा हिशोबसुद्धा माणसानेच ठेवायचा. बॅकस यांना याचा मनापासून कंटाळा होता. १९५३ मध्ये त्यांनी आयबीएम ७०१ साठी स्पीडकोडिंग नावाची सोय बनवली. दशांश संख्यांची गणितं तिच्यात सोपी झाली, पण प्रोग्रॅम फार सावकाश चालायचा.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी आपले साहेब कथबर्ट हर्ड यांना एक पत्र लिहिलं. मुद्दा पैशाचा होता. यंत्रावर जेवढा खर्च होतो, जवळपास तेवढाच प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसांवर होतो, आणि यंत्राचा कितीतरी वेळ चुका शोधण्यातच जातो. मग गणिताचं सूत्र जवळपास जसंच्या तसं लिहिता आलं आणि यंत्रानेच त्याचा मशीन कोड बनवला तर? परवानगी मिळाली. तेव्हा बॅकस २९ वर्षांचे होते.

हळूहळू सुमारे दहा जणांची टीम जमली. कुणी क्रिस्टलोग्राफीतला, कुणी विमान कंपनीतून आलेला, तर लोइस हेब्ट नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या. यंत्रावर रात्रीच वेळ मिळायचा, म्हणून जवळच्या हॉटेलात खोल्या घेऊन दिवसा झोपायचे आणि रात्री काम करायचे. कधी होणार असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: सहा महिन्यांत. हे सहा महिने संपायला १९५७ चा एप्रिल उजाडला. सॉफ्टवेअरवाल्यांची ही सवय किती जुनी आहे बघा!

जुन्या प्रोग्रॅमरांना खात्री होती की यंत्राने बनवलेला कोड हाताने लिहिलेल्या कोडइतका वेगवान असूच शकत नाही. म्हणून बॅकस यांच्या टीमने सगळा जोर वेगावर दिला. फोरट्रान कंपायलरने तयार केलेला कोड बघून कधी कधी ते स्वतःच चकित व्हायचे, इतका तो चलाख असायचा. वापरणाऱ्यांना लिहाव्या लागणाऱ्या ओळी साधारण २० पटींनी कमी झाल्या.

बाहेरच्या जगातली पहिली चाचणीही मजेशीर आहे. एप्रिल १९५७ मध्ये पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउसच्या बेटिस प्रयोगशाळेत पंच केलेल्या कार्डांचा एक खोका आला. सोबत सूचना वगैरे काही नाही. हा फोरट्रानचा कंपायलर असावा असा अंदाज बांधून तिथल्या लोकांनी एक छोटा प्रोग्रॅम त्यातून घातला. कंपायलरने छापून सांगितलं की अमुक ओळीत एक स्वल्पविराम राहिलाय. खरंच राहिला होता! तो घातला आणि प्रोग्रॅम चालला.

ही भाषा भारतातही लवकर आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा कॉम्प्युटर बसला आणि त्यावर फोरट्रानचे प्रोग्रॅम चालू लागले.

कोयना: सगळ्या जगाचं टेस्ट केस

आता आपल्या साताऱ्याकडे येऊ. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे पाटण तालुक्यात कोयनानगरला मोठा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली, हजारो घरं पडली. माझी आजी त्याच तालुक्यातली. पुढची कित्येक वर्षं तिला रात्री दार लावून झोपायची भीती वाटायची.

१०३ मीटर उंचीचं कोयना धरण उभं राहिलं, पण भिंतीच्या काही भागांना आडव्या भेगा पडल्या. या भेगा मुख्यतः पायापासून साधारण ६६.५ मीटर उंचीच्या आसपास होत्या. तिथे भिंतीच्या मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो. धरणाच्या आतल्या गॅलरीत बसवलेल्या यंत्राने जमिनीचे धक्केही नोंदवून ठेवले होते. म्हणजे धक्का किती होता ते माहीत, भिंतीचा आकार माहीत आणि भेगा कुठे पडल्या तेही माहीत. मोठ्या काँक्रीट धरणाबाबत अशी तिन्ही माहिती एकत्र मिळणं फार दुर्मिळ आहे.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरवर या धरणाचं विश्लेषण केलं आणि १९७३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पुढे १९८४ मध्ये तिथेच धरणांसाठी ईएजीडी-८४ नावाचा फोरट्रान प्रोग्रॅम तयार झाला. आजही काँक्रीट धरणांच्या भूकंपाचा नवा प्रोग्रॅम लिहिला की जगभरचे लोक तो आधी कोयनेवर चालवून बघतात. भेगा बरोबर जागी आल्या तर प्रोग्रॅमवर विश्वास बसतो.

मीही तेच केलं. माझं उत्तर काही जुळेना.

मोठी परीक्षा आणि छोटी परीक्षा

इथे एक फरक नीट समजून घ्या. कोयनेवर चालवून बघणं ही अख्ख्या प्रोग्रॅमची परीक्षा. त्यात नापास झालात तर कुठेतरी चूक आहे एवढंच कळतं, नेमकी कुठे ते कळत नाही. युनिट टेस्ट म्हणजे एका छोट्या तुकड्याची परीक्षा. एकच फंक्शन घ्यायचं, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असा आकडा त्याला द्यायचा आणि तेच उत्तर येतं का ते यंत्राकडूनच तपासून घ्यायचं.

माझ्याकडे पाण्याचा एकूण रेटा काढणारं एक फंक्शन होतं. १ घनमीटर पाण्याचं वजन १ टन. त्यामुळे भिंतीच्या प्रत्येक मीटर रुंदीवरचा रेटा, टनांमध्ये, म्हणजे खोलीच्या वर्गाच्या निम्मा. यावर चार टेस्ट लिहिल्या:

खोली ०, तर उत्तर ०. पास.
खोली १००, तर उत्तर ५०००. पास.
खोली ५०, तर उत्तर १२५०, म्हणजे आधीच्या चौथा हिस्सा. पास.
खोली ६६.५, तर उत्तर २२११.१२५. नापास! माझं फंक्शन सांगत होतं २१७८.

दर मीटर रुंदीमागे ३३ टन पाणी गायब. ६६ चा वर्ग करून निम्मा केला की बरोबर २१७८ येतात. म्हणजे वरचा अर्धा मीटर कुणीतरी खाल्ला होता.

तो खाल्ला होता बॅकस यांच्या टीमच्या नियमाने. फोरट्रानमध्ये व्हेरिएबलचा प्रकार सांगितला नाही, तर नावाच्या पहिल्या अक्षरावरून तो ठरतो. रोमन लिपीतल्या आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव म्हणजे पूर्णांक, बाकी सगळी दशांश संख्या. गणितात आय, जे, के हे मोजणीसाठी वापरतातच, त्यामुळे त्या काळी ही सोय छान होती. मी मात्र नावं मराठीत ठेवली होती. उंची हे नाव रोमन लिपीत यू-ने सुरू होतं, म्हणून ते वाचलं. खोली सुरू होतं के-ने! पाण्याच्या पातळीतून तळाची पातळी वजा करून उत्तर ‘खोली’त ठेवलं की दशांश भाग गुपचूप गळायचा. दाबाचा आलेख सरळ तिरक्या रेषेऐवजी जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा झाला होता आणि मी तो कधी काढूनच बघितला नव्हता.

उपाय एका ओळीचा होता. प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला इम्प्लिसिट नन लिहायचं. फोरट्रान ९० पासून ते भाषेचा अधिकृत भाग आहे. मग प्रकार न सांगितलेलं प्रत्येक नाव कंपायलर अडवतो.

तुम्हाला करून बघायचं असेल तर

मोफत मिळणारा जीफोरट्रान कंपायलर आणि एफपीएम हे साधन घ्या. टेस्ट नावाच्या फोल्डरमध्ये आपली तपासणीची फाइल ठेवायची आणि एफपीएम टेस्ट ही आज्ञा द्यायची. उत्तर चुकलं तर एरर स्टॉप लिहून प्रोग्रॅम तिथेच थांबवायचा. काम वाढलं की टेस्ट-ड्राइव्ह किंवा नासाच्या गोडार्ड केंद्रात तयार झालेलं पीएफयूनिट वापरा.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, दशांश उत्तरं तंतोतंत सारखी आहेत का असं विचारू नका. कॉम्प्युटरला ०.१ सुद्धा अचूक साठवता येत नाही, म्हणून फरक अगदी बारीक आहे का ते बघा. दोन, निम्मं करायला १ भागिले २ लिहू नका. दोन्ही पूर्णांक असल्यामुळे फोरट्रान उत्तर ० देतो. तीन, टेस्टला नुसते गोल आकडे देऊ नका. माझ्या पहिल्या तीन टेस्ट म्हणूनच पास झाल्या होत्या.

स्वतःच्याच कामावर शंका

फोरट्राननंतर बॅकस थांबले नाहीत. १९५९ मध्ये त्यांनी प्रोग्रॅमिंग भाषेचं व्याकरण नेमकेपणाने लिहायची पद्धत मांडली. पीटर नाऊर यांनी ती सुधारली आणि आज ती बॅकस-नाऊर फॉर्म म्हणून शिकवतात. अशीच शिस्त पाणिनीच्या व्याकरणात फार पूर्वीपासून होती, म्हणून तिला पाणिनी-बॅकस म्हणावं, अशी सूचना १९६७ मध्ये एका अमेरिकन संशोधकाने केली होती.

१९७७ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला, मुख्यतः फोरट्रानसाठी. पुरस्काराच्या भाषणात बॅकस यांनी काय केलं? फोरट्रानसारख्या भाषांवरच टीका केली. एकेक आकडा इकडून तिकडे हलवत बसण्याच्या या पद्धतीने आपला विचार छोटा होतो, आणि प्रोग्रॅम बरोबर आहे हे गणितासारखं सिद्ध करता यायला हवं, असं त्यांचं मत होतं. पुढची बरीच वर्षं त्यांनी फंक्शनल प्रोग्रॅमिंगला दिली. १९९१ मध्ये ते निवृत्त झाले आणि १७ मार्च २००७ रोजी ऑरेगॉनमधल्या ॲशलंड गावी, वयाच्या ८२ व्या वर्षी वारले.

त्यांची भाषा अजून कामावर आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत पावसाच्या अंदाजासाठी चालणाऱ्या मॉडेलचा कोड मुख्यतः फोरट्रानमध्येच आहे.

बॅकस यांनी चुका शोधण्याची कटकट खूप कमी केली. राहिलेला स्वल्पविराम कंपायलर दाखवतो. पण ६६ मीटर आणि ६६.५ मीटर यांतला फरक त्याला कळत नाही, तो आपल्यालाच टेस्टमध्ये लिहून ठेवावा लागतो. माझी ती चौथी टेस्ट अजून माझ्याकडे आहे, आणि कोड बदलला की मी ती आधी चालवतो.