अठरा तासांच्या आधीचे ते रिकामे महिने

ढाणकी आणि आसपासच्या खेड्यांतली आपली मुले-मुली बारावी झाली की उमरखेडला, पुसदला किंवा पैनगंगेपलीकडे नांदेडला कॉलेजात नाव घालतात. काही अमरावती, नागपूर, पुण्यापर्यंत जातात. बापाने सोयाबीन विकून नाहीतर हातउसने घेऊन फी भरलेली असते. घरातून कॉलेजचे तोंड पाहणारे ते पहिलेच लेकरू असते. आणि दिवाळीच्या सुट्टीत त्यातले एखादे पोर गावी येते, ते परत जातच नाही. विचारले तर खाली मान घालून एवढेच सांगते की जमत नाही.

अशा पोराला आपण काय सांगतो? बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत होते आणि तुला दोन तास बसवत नाही, असे सुनावतो. चौदा एप्रिलच्या भाषणांतूनही त्याने हेच ऐकलेले असते. ते खरेच आहे, पण अर्धे आहे. अर्धे सांगितल्यामुळे पहिल्याच सेमिस्टरला एटीकेटी लागलेल्या पोराला वाटते, आपण बाबासाहेबांचे नाव घेण्याच्याही लायकीचे नाही. म्हणून आज अठरा तासांच्या आधीची गोष्ट सांगायची आहे. बाबासाहेबसुद्धा कधीतरी पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते. एकदा नव्हे, दोनदा होते.

१९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आजच्या हिशेबाने ३७.६ टक्के. परळच्या चाळीतली एकच खोली, त्यात सारे कुटुंब. दिव्याला आणि डोक्याला शांतता मिळावी म्हणून पोराने लवकर झोपायचे, सुभेदार रामजींनी जागत बसायचे आणि रात्री दोन वाजता त्याला उठवून त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे, असा त्या घराचा नियम होता. शाळेत संस्कृत शिकायची इच्छा होती. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावे लागले. त्या परिस्थितीत मिळालेले २८२ गुण समाजाला एवढे मोलाचे वाटले, की सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली. त्याच सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. गुण कमी होते म्हणून कोणी त्यांना नाउमेद केले नाही, ही गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी.

१९०८ मध्ये भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. सत्कार झालेला हा मुलगा कॉलेजात गेला तेव्हा तिथे त्याची वाट पाहणारे कोणी नव्हते. कॉलेजच्या उपाहारगृहाचा ब्राह्मण चालक त्यांना चहा देत नव्हता, पाणीसुद्धा देत नव्हता. त्यातच प्रकृती बिघडली आणि एक वर्ष वाया गेले. होय, पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झालेल्या माणसाचे कॉलेजातले एक वर्ष वाया गेले होते. ते वर्ष त्यांनी कपाळावर डाग म्हणून मिरवले नाही. पुन्हा बसले आणि इंटरची परीक्षा पास झाले.

इथे दुसरी अडचण उभी राहिली. रामजींचे पेन्शन संपून जाई. लेकींचे दागिने गहाण ठेवून पुस्तके आणणारा तो बाप आता थकला होता. शिक्षण थांबणार असे दिसू लागले. तेव्हा केळुसकर गुरुजी पुढे झाले. ते भीमरावांना घेऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. कॉलेजातले प्राध्यापक मुल्लर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. १९१२ मध्ये भीमराव बी. ए. झाले.

यातून आपल्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी काय घ्यायचे? मदत मागण्यात कमीपणा नाही. शिष्यवृत्ती ही भीक नाही, तो हक्क आहे. महाडीबीटीवर अर्ज कधी भरायचा, जात वैधता प्रमाणपत्र कुठे अडले आहे, समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेसाठी काय लागते, हे पहिल्याच महिन्यात कॉलेजच्या कार्यालयात उभे राहून विचारा. एका खिडकीने परत पाठवले तर दुसऱ्या खिडकीवर जा. अर्जाची मुदत हुकली म्हणून शिक्षण सुटलेली मुले आपल्या समाजात कमी नाहीत.

आता दुसरे पहिले वर्ष. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. वय बावीस. पहिली खोली मिळाली ती हार्टले हॉल या वसतिगृहात. तिथले जेवण घशाखाली उतरेना. आठवडाभरात ती जागा सोडून ते कॉस्मोपॉलिटन क्लबात राहायला गेले, कारण तिथे काही भारतीय विद्यार्थी होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणाबरोबर राहिले. मेसचे अन्न उतरत नाही, खोलीत करमत नाही, या तक्रारी आपल्या पोरांच्याच आहेत असे नाही.

त्याहून महत्त्वाचे पुढेच आहे. आयुष्यात पहिल्यांदा कोणी शिवाशिव पाळत नव्हते. एका टेबलावर जेवता येत होते, कोणाच्याही शेजारी बसता येत होते. त्या मोकळेपणाने तरुण भीमराव भारावले. चरित्रकार सांगतात की सुरुवातीचे काही महिने नाटके पाहण्यात, खेळण्यात आणि मित्रांबरोबर भटकण्यात गेले. अभ्यास मागे पडला. मग त्यांचे मनच त्यांना खाऊ लागले. मुंबईच्या चाळीत घरची माणसे पोटाला चिमटा घेत होती, रमाई हाल सोसत होत्या, बडोद्याचा पैसा ठरावीक मुदतीचा होता. आपण इथे कशासाठी आलो, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि तिथून पुढे अठरा तास सुरू झाले.

म्हणजे अठरा तास ही जन्मजात देणगी नव्हती. तो एका चुकलेल्या तरुणाने केलेला निश्चय होता. भरकटणे हा गुन्हा नाही, भरकटल्याचे कळूनही तसेच राहणे हा गुन्हा आहे. मोबाईलवर रात्र घालवणाऱ्या आपल्या पोरांना एवढे कळले तरी पुरे.

त्या निश्चयाचे फळ काय? महिन्याला साडेअकरा पौंड मिळत, त्यातून घरी पैसे पाठवायचे, स्वस्तात जेवायचे आणि उरलेल्यातून जुनी पुस्तके घ्यायची. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मनचे प्राथमिक धडे. जून १९१५ मध्ये एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. लाला लजपतराय त्या काळात अमेरिकेत होते. त्यांनी आपल्या चळवळीत ओढायचा प्रयत्न केला, पण भीमरावांनी आधी शिक्षण पुरे करायचे ठरवले. चळवळ त्यांनी टाळली नाही, चळवळीसाठी आधी स्वतःला घडवले.

आणि संगत? ते भथेना जन्माचे मित्र झाले. १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला जाताना याच मित्राने पैसे उसने दिले. पहिल्या वर्षी जोडलेला एक चांगला मित्र पुढे असा कामी येतो. रूम पार्टनर निवडताना हे आठवावे.

एक गोष्ट मात्र झाकून चालणार नाही. एल्फिन्स्टनचा तो चहावाला आजही वेगवेगळ्या रूपांत भेटतो. कोणी आडनाव विचारतो, कोणी रँक विचारतो, कोणी शिष्यवृत्तीवरून टोमणा मारतो. २०१६ मध्ये रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी यांना आपण गमावले. म्हणून मुलांनो, असा अपमान एकट्याने गिळू नका. कॉलेजातले समान संधी केंद्र, अँटी रॅगिंग समिती कुठे आहे ते पहिल्या आठवड्यातच पाहून ठेवा. घरी सांगा, सीनियर मुलांना सांगा, लेखी तक्रार द्या. अपमान करणाऱ्याने लाजायचे असते, सोसणाऱ्याने नाही.

बाबासाहेब आपले पहिले वर्ष कधी विसरले नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले आणि नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय उभे केले. मराठवाड्यातल्या किती खेड्यांतली पहिली पिढी तिथून शिकून बाहेर पडली!

आपल्याला कॉलेज काढता येणार नाही, पण केळुसकर गुरुजी होता येईल. ढाणकीत, उमरखेडात, गावोगावच्या विहारांत आपले शिक्षक, कर्मचारी, पदवीधर आहेत. प्रत्येकाने पहिल्या वर्षाच्या एकाच मुलाची किंवा मुलीची जबाबदारी घ्यावी. पंधरा दिवसांनी एक फोन करावा, अर्ज भरला का विचारावे, जेवलास का विचारावे. दिवाळीत घरी आलेले पोर परत जात नसेल तर त्याला अठरा तास सुनावू नका. आधी ते वाया गेलेले वर्ष सांगा, ते रिकामे महिने सांगा. मग स्टँडवर जाऊन त्याला एसटीत बसवून द्या.

जयभीम.