माळावरचा कारखाना

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या लहानशा गावी २० जून १८६९ रोजी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म झाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रे व यंत्रे यांकडेच त्यांचा ओढा अधिक. वडील बंधू रामूअण्णा यांच्या आधाराने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले; परंतु आपल्याला काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही, असे तेथे त्यांच्या ध्यानात आले. चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता? तथापि, यंत्रांच्या आकृत्या काढण्यास रंग लागत नाहीत. लक्ष्मणरावांनी तीच विद्या जवळ केली व पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत ते शिक्षक झाले.

तेथे त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली, तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. रामूअण्णांबरोबर त्यांचे सायकलींचे दुकान तेथे होतेच. त्याला जोडून त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला.

नांगर उत्तम होता. पण तो घ्यावयास कोणी पुढे येईना. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष भिनते, असा समज तेव्हा शेतकऱ्यांत रूढ होता. आज आपल्याला याचे हसू येईल. परंतु ज्याच्या साऱ्या वर्षाचा घास एका पिकावर अवलंबून, त्याने नव्या अवजाराकडे संशयाने पाहावे, यात नवल ते काय? पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांना बोल लावला नाही. ते नांगरात सुधारणा करीत राहिले आणि खोल नांगरटीचा लाभ एकाच्या शेतात दिसू लागताच दुसराही विचारपूस करू लागला.

कोठे जम बसतो आहे तोच नवे संकट आले. गावाची वाढ करावयाची म्हणून कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम बेळगाव नगरपालिकेने दिला. लक्ष्मणरावांनी चाळिशी ओलांडली होती. यंत्रे होती, कामगार होते, पण ती यंत्रे उभी करावयास जागा नव्हती! अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन व १०,००० रुपयांचे कर्ज दिले. ही जमीन म्हणजे निव्वळ उजाड माळ! सर्वत्र निवडुंग माजलेले आणि त्यात सापांचा सुळसुळाट. १९१० साली पंचवीस-एक कामगार आपली बायकामुले घेऊन लक्ष्मणरावांच्या मागोमाग या माळावर आले. निवडुंग तोडून त्यांनी आधी राहण्यापुरता निवारा उभा केला आणि मग भट्टी पेटविली.

कारखान्याबरोबर तेथे गावही वसले. या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. ती ऐकून त्या काळच्या पुष्कळांच्या भुवया उंचावल्या असतील. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी कारखान्याच्या रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि परदेशातून येणारे लोखंड दुर्मीळ झाले. भट्टी थंड पडण्याचे भय निर्माण झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावरील जुन्या, निकामी तोफा कारखान्यास दिल्या. एके काळी रणांगणासाठी ओतलेल्या त्या तोफा वितळल्या आणि त्यांच्या लोखंडाचे नांगर झाले.

१९२० साली 'किर्लोस्कर बंधू' ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक निघाले, पंप निघाले. पुढे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आले व व्यवसायाचा विस्तार झपाट्याने झाला. १९४१ साली हरिहरला आणि १९४६ साली पुणे व बंगळूर येथे नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. पुण्याची कंपनी तेलावर चालणारी इंजिने करू लागली; बंगळूरची कंपनी विजेच्या मोटारी.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. ज्या कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कामगारांनी प्रथम निवडुंग तोडले, त्या स्थानकाचे नाव पुढे किर्लोस्करवाडी असे झाले.