विश्लेषण : कान दोन, पण लक्ष एकीकडेच, असे का?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलातला एक तरुण वैमानिकाच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकेत होता. तिथल्या विमानात आसनाखाली दोन हुबेहूब सारखे दांडे होते. एक पंखांच्या झडपांचा, दुसरा चाकांचा. विमान उतरवताना त्याचे सहकारी वारंवार चुकीचा दांडा ओढत आणि चांगले विमान मोडून बसत. वेंधळेपणा म्हणून हे सोडून देता आले असते. पण हा प्रश्न यंत्राइतकाच माणसाच्या मनाचा आहे, असे त्या तरुणाला वाटले. त्याचे नाव डोनाल्ड ब्रॉडबेन्ट.

१९२६ मध्ये बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले ब्रॉडबेन्ट युद्धानंतर केंब्रिजमध्ये मानसशास्त्र शिकले आणि तिथल्याच उपयोजित मानसशास्त्र केंद्रात रुजू झाले. गोंगाटाचा कामावर काय परिणाम होतो, हा त्यांचा सुरुवातीचा विषय.

दोन कानांचा प्रयोग काय होता?

१९५४ मधला हा प्रयोग अगदी साधा. हेडफोनमधून डाव्या कानात ७, २, ३ आणि त्याच वेळी उजव्या कानात ९, ४, ५ असे आकडे ऐकवायचे. ऐकलेले सगळे सांगा म्हटल्यावर लोक ७, ९, २, ४ अशा जोड्या लावत नसत. आधी एका कानाचे तिन्ही आकडे, मग दुसऱ्याचे. जोडीनेच सांगा म्हटले, की चुका खूप वाढत.

यावरून त्यांनी चाळणीची कल्पना मांडली. कानांवर बरेच काही पडते, पण पुढची वाट अरुंद. म्हणून आवाज कुठून येतो, जाड आहे की बारीक, एवढ्यावरून मेंदू एक प्रवाह निवडतो. बाकीच्याचा अर्थ लावलाच जात नाही. मनाविषयी बोलणेच अशास्त्रीय मानले जाण्याच्या काळात १९५८ साली त्यांनी हे पुस्तकरूपात मांडले. त्याच वर्षी, बत्तिशीत, ते केंद्राचे संचालक झाले.

चाळणी गळकी निघाली!

पुढच्याच वर्षी नेव्हिल मोरे यांनी दाखवले, की दुर्लक्षित कानात स्वतःचे नाव आले तर काहींना ते ऐकू येते. मग अर्थ अडतो कुठे? अ‍ॅन ट्रीझमन यांचे उत्तर होते, की चाळणी दार बंद करत नाही, नुसता आवाज कमी करते. ब्रॉडबेन्ट यांनी हट्ट धरला नाही. १९७१ च्या पुस्तकात स्वतःच्या सिद्धान्तात दुरुस्ती केली. शास्त्रज्ञांमध्ये हे वाटते तितके सर्रास घडत नाही.

१९७४ मध्ये संचालकपद सोडून ते संशोधनासाठी ऑक्सफर्डला गेले. तिथे सहकाऱ्यांसह त्यांनी १९८२ साली २५ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. विषय पुन्हा तोच, माणसाच्या चुका; फक्त या वेळी विमानाऐवजी घरातल्या. या खोलीत कशाला आलो ते विसरता का? जळकी काडी ठेवून काडेपेटीच फेकून देता का? १९९३ मध्ये ब्रॉडबेन्ट गेले. ती प्रश्नावली संशोधक आजही वापरतात.