सर जॉन स्टेनर

प्रार्थनामंदिरांत ऑर्गनचे गंभीर स्वर सर्वांच्या कानीं पडतात. तो वाजविणारा मनुष्य मात्र बहुधा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. अशाच एका थोर वादकाचें चरित्र आम्ही आमच्या बालवाचकांपुढें ठेवीत आहों.

जॉन स्टेनर यांचा जन्म लंडन शहरीं ६ जून १८४० रोजीं झाला. वडील शाळेंत शिक्षक होते. घरची स्थिति बेताचीच, तरी घरांत एक लहानसा ऑर्गन होता. बालपणींच एका अपघातानें जॉनच्या डाव्या डोळ्याची दृष्टि गेली. परंतु विद्याव्यासंगांत खंड पडला नाहीं. लहान वयांतच तो सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या गायकवृंदांत दाखल झाला. पुढें १८५७ सालीं सर फ्रेडरिक ऊझली यांनीं टेनबरी येथील आपल्या कॉलेजांत त्यास ऑर्गनवादक नेमिलें. १८६० सालीं ऑक्सफर्ड येथील मॉडलिन कॉलेजांत तीच जागा मिळाली. तेथें काम संभाळून स्टेनर यांनीं विश्वविद्यालयाच्या पदव्याही संपादन केल्या.

१८७२ सालीं ते सेंट पॉल्सचे मुख्य ऑर्गनवादक झाले. ज्या वृंदांत ते बालपणीं गाइले, त्याची दशा त्या वेळीं शोचनीय होती. गायक वाटेल तेव्हां गैरहजर राहत. तालमी नियमितपणें होत नसत. स्टेनर यांनीं तालमी सुरू केल्या, शिस्त लाविली, मुलांची संख्या वाढविली. दुसऱ्याच वर्षीं, १८७३ सालीं, तेथें बाखची अवघड पॅशन-रचना गाइली गेली! लहान गांवच्या साध्या वृंदांसही गातां यावी, अशी त्यांची ‘क्रुसिफिक्शन’ ही रचना १८८७ सालची आहे.

पुढें उरलेल्या डोळ्यावरही ताण पडूं लागला, म्हणून १८८८ सालीं त्यांनीं ती मानाची जागा सोडिली. त्याच वर्षीं त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली. तथापि ते स्वस्थ बसले नाहींत. १८८९ सालीं ते ऑक्सफर्ड येथें संगीताचे प्राध्यापक झाले. तेथील ग्रंथालयांतील पंधराव्या शतकाच्या हस्तलिखितांतून जुनीं गीतें निवडून मुलगा व मुलगी यांच्या साहाय्यानें १८९८ सालीं त्यांनीं तीं प्रसिद्ध केलीं. ३१ मार्च १९०१ रोजीं इटलींतील व्हेरोना येथें त्यांचें देहावसान झालें.

गोड गळा ही ईश्वराची देणगी खरी. परंतु अनेक गळ्यांचा एक स्वर होण्यास रोजची तालीमच लागते, हें स्टेनर यांच्या चरित्रावरून आम्हांस शिकण्यासारखें आहे.