सयामचा राजा चुलालोंगकोर्न आणि त्याची बारा खाती



बौद्ध राजा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सम्राट अशोक उभा राहतो. दुसरे नाव विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांची जीभ अडखळते. म्हणून आज तुम्हांला सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, एका राजाची ओळख करून देत आहे. त्याचे नाव चुलालोंगकोर्न. मोठ्या लढाया जिंकल्याबद्दल त्याचे नाव झालेले नाही. त्याने सरकारची खाती नव्याने मांडली. ऐकायला हे काम रूक्ष वाटेल. पण जुन्या खात्यांच्या घडणीतच गुलामाची बेडी अडकलेली होती, हे ध्यानात घ्या.

त्याचा जन्म २० सप्टेंबर १८५३ रोजी झाला. वडील राजा मोंगकुट हे गादीवर येण्यापूर्वी २७ वर्षे भिक्खू होते. राजवाड्यातील मुलांना इंग्रजी शिकविण्यासाठी त्यांनी ॲना लिओनोवेन्स नावाची बाई नेमली. तिचा जन्म १८३१ साली आपल्या अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर). ती मात्र आयुष्यभर स्वतःला वेल्सची म्हणवीत राहिली! असो. १८६८ साली मोंगकुट तापाने वारले आणि पंधरा वर्षांचा मुलगा राजा झाला. १८७३ पर्यंत कारभार एका बड्या सरदाराच्या हाती होता. त्या अवधीत तरुण राजाने सिंगापूर व जावा पाहिले आणि १८७१-७२ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात येऊन कलकत्ता, दिल्ली, मुंबई, बनारस ही शहरेही पाहिली.

१६ नोव्हेंबर १८७३ रोजी त्याचा दुसरा राज्याभिषेक झाला आणि सत्ता खऱ्या अर्थाने त्याच्या हाती आली. तोपर्यंत दरबारात माणसे गुडघे-कोपरे टेकून सरपटत येत व धन्यापुढे पालथी पडून राहत. राजाने त्या प्रसंगी ही चाल बंद केली. यापुढे उभे राहावे आणि वाकून नमस्कार करावा, एवढेच. ज्यांच्या आजोबांनी चावडीपुढे जोहार घातला आहे, त्यांना या आज्ञेचा अर्थ मी काय सांगावा?

आता खात्यांकडे वळू. जुन्या सयामात दोन मोठी खाती होती, महाथाई आणि कलाहोम. मुळात एक मुलकी आणि दुसरे लष्करी. पण कालांतराने उत्तरेचे प्रांत महाथाईकडे, दक्षिणेचे कलाहोमकडे आणि पूर्व किनारा खजिना-व्यापार खात्याकडे गेला. मग प्रत्येक खाते आपापल्या मुलखात कर घेई, माणसे वेठीला धरी आणि न्यायही देई. म्हणजे ज्याने नाडले त्याच्याच दारात फिर्याद घेऊन जायचे! मंत्री आपल्या घरातूनच कारभार पाही. कचेरी म्हणजे त्याचा वाडा. प्रांताच्या अधिकाऱ्याला पगार नसे. त्याने लोकांकडून वसूल करावे, स्वतःचे काढून घ्यावे आणि उरलेले वर पाठवावे. सयामी भाषेत याला ‘शहर खाणे’ असेच म्हणत.

१८७४ साली राजाने गुलामीला हात घातला. तिथे बहुतेक लोक कर्जापायी गुलाम होत. स्वतःला, बायकोला, पोरांना विकत. त्याने ठरविले की १८६८ पासून जन्मलेल्या गुलामाच्या मुलाची किंमत वयाबरोबर घटत जाईल आणि एकविसाव्या वर्षी ते मूल मोकळे होईल. त्याच वर्षाच्या शेवटी उपराजाशी मोठा तंटा पेटला, जुने सरदार बिथरले आणि राजाला पाऊल आखडते घ्यावे लागले. पुढची दहा-बारा वर्षे तो वाट पाहत राहिला. जुने मंत्री म्हातारे होत गेले, तसतशा जागा भरीत गेला.

१८८७ साली त्याचा भाऊ देवावोंग्से राणी व्हिक्टोरियाच्या जुबिलीसाठी लंडनला गेला. तिकडचे राज्यकारभार पाहून त्याने बारा खात्यांची योजना आणली. १८८८ पासून ती अजमावून पाहिली आणि १ एप्रिल १८९२ रोजी बारा समान दर्जाचे मंत्री नेमले गेले. आता मुलखावर खाते नव्हते, कामावर होते: परराष्ट्र, खजिना, न्याय, शेती, शिक्षण, बांधकाम वगैरे. विखुरलेली न्यायालये न्याय खात्याखाली आणण्यास सुरुवात झाली. १८९४ च्या अखेरीस सर्व प्रांत अंतर्गत खात्याकडे आले आणि कलाहोमकडे फक्त सैन्य उरले. अंतर्गत खाते सांभाळणारा दामरोंग हाही राजाचा सावत्र भाऊ. त्याने प्रांतांवर पगारी अधिकारी नेमले, आणि १८९७ च्या कायद्याने गावचा मुखिया गावकऱ्यांनी निवडावा असे ठरले. १८९८ पासून विहारांतून प्राथमिक शाळा वाढविण्याचे काम भिक्खूंनी आणि याच खात्याने मिळून केले. मी मास्तर असल्यामुळे मला ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

पण राजाची आरती ओवाळणे आपले काम नाही. त्याने खाती कामानुसार वाटली खरी, मात्र मोठी मंत्रिपदे आपल्या भावांनाच दिली. १८८५ साली काही राजपुत्रांनी व अधिकाऱ्यांनी घटनात्मक राज्यपद्धती मागितली, तेव्हा आधी कारभार सुधारू द्या, असे सांगून त्याने ती बाजूला ठेवली. नव्या करांमुळे आणि बँकॉकच्या अधिकाऱ्यांमुळे १९०१-०२ साली ईशान्येत व उत्तरेत बंडे झाली, ती सैन्याने मोडून काढली.

धम्मासाठीही त्याने केले. १८९३ साली पाली त्रिपिटक सयामी लिपीत ३९ खंडांत छापवून देशोदेशी पाठविले. १८९८ साली पिप्रहवा येथील स्तूपात सापडलेल्या भगवान बुद्धांच्या अस्थी ब्रिटिश सरकारने त्याच्याकडे सोपविल्या. त्यातील वाटा सिलोन व ब्रह्मदेशाच्या बौद्धांना गेला आणि बाकीचा बँकॉकच्या वाट साकेतमध्ये ठेवला गेला.

१ एप्रिल १९०५ पासून नव्या कायद्याने सयाममध्ये गुलामी संपविण्यात आली. पहिल्या हुकुमापासून ३१ वर्षे लागली. २३ ऑक्टोबर १९१० रोजी राजा वारला. पुढे २४ जून १९३२ रोजी मुलकी खात्यांतील व सैन्यातील अधिकाऱ्यांनीच राजाची निरंकुश सत्ता उलथून टाकली आणि जे १८८५ साली मागितले होते ते घेतले.