प्रतीक्षेचे गणित मांडणारे एर्लांग

छत्रपती संभाजीनगर : वाळूज, शेंद्रा यांसारख्या औद्योगिक वसाहतींतील स्वयंचलित कारखान्यांत यंत्रे परस्परांना संगणकीय जाळ्यातून आज्ञा देतात. 'थांब' हा संदेश गहाळ झाला किंवा क्षणभर उशिरा पोहोचला, तर कामगाराच्या जिवावर बेतू शकते. अशा विलंबाच्या गणिताचा पाया डेन्मार्कचे गणितज्ञ आग्नर क्रारूप एर्लांग यांनी घातला.

१ जानेवारी १८७८ रोजी एका खेड्यातील शिक्षकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. वय लहान असल्याने विशेष परवानगी घेऊन त्यांनी कोपनहेगन विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा दिली. १९०१ मध्ये पदवी मिळाल्यावर काही वर्षे त्यांनी अध्यापन केले. गणितज्ञांच्या मंडळात त्यांचा परिचय योहान येन्सन या अभियंत्याशी झाला आणि १९०८ मध्ये ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत रुजू झाले.

कंपनीपुढील पेच व्यावहारिक होता. तारा कमी ठेवल्या तर ग्राहक ताटकळत आणि जास्त ठेवल्या तर पैसा वाया जाई. दूरध्वनी कोणत्या क्षणी येईल हे सांगता येत नसले, तरी त्यांच्या समूहाला संभाव्यतेचा नियम असतो, हे एर्लांग यांनी १९०९ मध्ये दाखविले. किती तारांवर किती ग्राहकांना थांबावे लागेल, याची सूत्रे त्यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. ब्रिटिश टपाल खात्यानेही ती स्वीकारली. अविवाहित राहून सुमारे वीस वर्षे त्यांनी याच कंपनीची सेवा केली. ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९४६ मध्ये दूरध्वनी वाहतुकीच्या एककाला 'एर्लांग' हे नाव देण्यात आले.

आज संदेश हरवू नये म्हणून त्याच्या दोन प्रती पाठविल्या जातात. मात्र प्रत वाढली की गर्दीही वाढते. क्षमतेच्या ४० टक्के भार असलेल्या एकाच वाहिनीवर प्रत्येक संदेश दोनदा पाठविला, तर भार ८० टक्के होतो. पण या गणिताच्या सर्वांत साध्या रूपानुसार सरासरी प्रतीक्षा दुपटीने नव्हे, तर सहापटीने वाढते. म्हणून दुसरी प्रत वेगळ्या मार्गाने धाडतात आणि तातडीच्या संदेशांसाठी वेळ राखून ठेवतात. सुरक्षिततेसाठी जोडलेली प्रतच विलंबाचे कारण ठरू नये, यासाठी पर्यायी मार्ग आणि वेळापत्रक एकत्रच आखावे लागते. टेलिफोनच्या तारा मोजताना एर्लांग यांनी मांडलेला हिशेब असा आजही उपयोगी पडतो आहे.